खिंडीतलं पाणी

माझी आत्या हीच माझी सासू. आमच्याकडं मामाच्या मुलीवर भाच्याचा हक्कच धरतात, त्यामुळं माझं लग्न मी पाळण्यात असतानाच ठरून गेलेलं. लग्न झालं तरी मी तिला आत्याबाईच म्हणत राहिले. तोंडानं बाई भलती तिखट. तिच्या अंगणात भांडायला आलेला माणूस बहुतेक वेळा माफी मागून जायचा, आणि घरी पोचल्यावर त्याला आठवायचं की चूक तिचीच होती. मीही तिच्याच भावाची लेक. आम्ही दोघी एका घरात कशा नांदलो याचं गावाला शेवटपर्यंत नवल वाटलं. माझा नवरा सोलापूरच्या गिरणीत, तो वर्षातून दोनदा यायचा, तेव्हा भांडायलाही आम्हाला एकमेकींशिवाय कुणी नव्हतं.

गाव डोंगराच्या पायथ्याला. कळंबच्या बाजाराला जायचं तर गाडीवाट लांबून वळसा घालून जायची, म्हणून पायी माणूस डोंगर चढून खिंडीतून पलीकडं उतरायचा. वाटेवर बोराट्या, हेकळ, सागाची खुरटी झाडं, आणि एक ओसाड गाव. प्लेगात उठलेलं ते. पडक्या भिंती, एक बुजलेला आड आणि पेवं. पेव म्हणजे जमिनीतलं धान्याचं कोठार. तोंड एवढंसं, माणूस अंग चोरून उतरेल इतकंच, आणि आत मात्र घागरीसारखं पोट. ज्वारी भरायची, वर दगड ठेवायचा, माती लोटायची, की कुणाला कळायचंही नाही तिथं काही आहे म्हणून. त्या गावातली पेवं आमच्या माहितीत तरी रिकामीच होती.

ओसाड गावाच्या थोडं वर, खिंडीच्या तोंडाशी, चिंचेखाली आत्याबाईचे दोन रांजण असायचे. पाडव्यापासून मृगापर्यंत रोज सकाळी ती पाणी घेऊन चढायची. का, ते सगळ्या गावाला ठाऊक. माझे सासरे वैशाखात बाजाराहून येताना त्याच चिंचेखाली कोसळले. ऊन लागलं. माणसं पोचेपर्यंत सगळं आटोपलं होतं. आत्याबाई रडली ती नवरा गेला म्हणून कमी आणि जाताना त्याच्या तोंडात दोन थेंब पाणी कुणी घातलं नाही म्हणून जास्त. वर्षानुवर्षं ती तेच बोलायची. जेवताना बोलायची, दळताना बोलायची. मला तर ते ऐकून ऐकून पाठ झालं होतं.

लढाईचे दिवस होते. लढाई कुठंतरी समुद्रापलीकडं, पण तिच्यापायी लेव्ही आली आमच्या दारात. निजामाच्या सरकारची माणसं पीक उभं असतानाच अंदाज बांधून जायची आणि खळं झालं की तेवढी ज्वारी उचलायची. पीक कमी आलं तर तो तुमचा दोष. त्या वर्षी त्यांनी गावातलं पेव न् पेव उघडून पाहिलं, भरलेली रिकामी केली. ज्वारी लपवलेली सापडली तर जप्ती, शिवाय बेड्या. त्यामुळं कुणी काही बोलत नव्हतं. शेजारी शेजाऱ्याला विचारत नव्हता, घरात काय शिजतंय म्हणून.

अशा वैशाखात एका सकाळी आम्ही दोघी डोक्यावर घागरी घेऊन वर गेलो, तर चिंचेखाली माणूस झोपलेला. आमच्याच गावचा शेतकरी, पन्नाशीपुढचा, अंगानं धडधाकट. आत्याबाईनं हाक मारली, मग जवळ जाऊन पाहिलं. त्याचं अंग गार पडलेलं. रक्त नाही, जखम नाही. तिनं त्याचे हातपाय उलटेसुलटे करून पाहिले, सापाचा दात कुठं दिसेना. मग तिनं माझ्या घागरीतून ओंजळभर पाणी घेतलं आणि त्याच्या तोंडात सोडलं. मेलेल्या माणसाला पाणी पाजून काय उपयोग, असं माझ्या मनात आलं, पण तिच्यापुढं बोलायची माझी टाप नव्हती. नेमके त्याच वेळी पलीकडून बाजारकरी दोघं खिंड उतरत आले. त्यांनी पाहिलं ते एवढंच, की ही बाई त्याला पाणी पाजतेय आणि तो मेला आहे.

पंधरवडा उलटतो न उलटतो तोच दुसरा. तोही तिथंच, चिंचेखाली, तसाच उताणा. आणि या वेळी तो आमचा शेजारी. आमच्या दोन्ही घरांत एकच भिंत. त्याची बायको माझ्या बरोबरीची, आम्ही दोघी एका जात्यावर दळायचो. आत्याबाईनं त्याच्या बंडीचे बंद सोडून साप चावल्याची खूण शोधली. तेव्हा मला त्याच्या दोन्ही काखांखाली लाल वळ दिसले. ते कशाचे ते मला सुधरेना. आत्याबाईनं पुन्हा ओंजळ भरली आणि त्याच्याही तोंडात पाणी घातलं, आणि याही वेळी वाटेवरच्या माणसांनी ते पाहिलं.

मग काय, गावाच्या जिभेला हाडच राहिलं नाही. नवरा त्या जागी मेला, म्हणून ही बाई एकेकाला त्याच्या सोबतीला धाडतेय, असं कुणीतरी पारावर म्हणालं आणि दुपारपर्यंत ते घरोघर झालं. ज्यांनी वर्षानुवर्षं तिचं पाणी पिऊन जीव वाचवला, तेच आता घशात बोटं घालून दाखवायला लागले की त्यांनाही मागं एकदा मळमळलं होतं. कुणीतरी वर जाऊन रांजणावर दगड घातले. एक फुटला, एकाला तडा गेला. वाटेवर जायला माणूस घाबरू लागला. बाजाराला जाणारे लांबच्या गाडीवाटेनं जाऊ लागले. माझ्या अंगाचा असा भडका उडाला होता की मी दोघीतिघींशी बोलणंच टाकलं, आणि त्यातल्या एकीशी मी पुढं मरेपर्यंत बोलले नाही. ती मरेपर्यंत, मी नव्हे.

तालुक्याहून अमीन आला. अमीन म्हणजे पोलिसांचा साहेब, घोड्यावरून आला, दोन जवान मागं. मूळचा हैदराबादचा, मराठी बोलायचा पण उर्दूच्या चालीवर. माणूस शांत होता. वर जाऊन त्यानं जागा पाहिली. तडकलेल्या रांजणाच्या तळाशी राहिलेलं पाणी एका कुत्र्यापुढं ठेवलं. कुत्रं सगळं पाणी पिऊन आणखी मागायला लागलं. तरी लोक म्हणाले, साहेब, करणीचं पाणी कुत्र्याला बाधत नाही. त्यावर साहेबानं सगळ्यांकडं नुसतं पाहिलं. त्यानं मलाही विचारलं, माणूस पडला कसा होता. मी सांगितलं, उताणा, पाय सरळ आणि मुंडासं घडी करून उशाला. तो म्हणाला, मरणारा माणूस मुंडाशाची घडी कशाला करेल? पण दोन माणसं गेली होती, दोन्ही वेळेला तोंडात पाणी घालताना एकच बाई सापडली होती, आणि सगळं गाव तिच्याकडं बोट दाखवत होतं. तिला चावडीच्या मागच्या खोलीत ठेवलं. दोन दिवसांनी तालुक्याला नेणार असं ठरलं.

तालुक्याला गेलेली बाई परत येते की नाही, हे मला माहीत नव्हतं. फाशी हा शब्द मी तोवर फक्त ऐकलेला होता. आता तो घरात माझ्याबरोबर जेवायला बसायचा. मी भाकरी घेऊन चावडीच्या खिडकीशी गेले, तर आत्याबाईनं आधी भाकरीचा पापुद्रा नीट सुटला नाही म्हणून मला झापलं. मग तिनं दारावरच्या जवानाला झापलं, बिडीचा धूर आत येतो म्हणून. मी रडायला लागले तर म्हणाली, रडतेस काय, मी काय केलंय? आणि मग एकदम विचारलं, शेजारी भाकरी धाडली का. मरणाच्या घरी चूल पेटत नाही, शेजारपाजारच्यांनी पिठलं-भाकरी द्यायची असते. मी म्हणाले, ज्या घरच्या माणसावरून तुम्हाला इथं बसवलंय, तिथं मी भाकरी नेऊ? तेव्हा ती जी भडकली की जवानसुद्धा उठून उभा राहिला. लेकरं उपाशी ठेवायला शिकवलं का तुझ्या बापानं, म्हणाली. बाप तिचाच भाऊ, तरी.

झक मारत गेले. शेजारीण कोपऱ्यात भिंतीला टेकून बसलेली, सोबतीला आलेल्या बाया पाणी शेंदायला गेलेल्या. तिनं माझ्याकडं पाहिलंही नाही. तिची धाकटी, नुकती चालायला लागलेली, कुठलासा शिळा भाकरीचा तुकडा चघळत माझ्यापाशी आली आणि लाडानं तो माझ्याच तोंडाला लावला. मी तोंड मागं घेतलं. उग्र, आंबूस वास. ज्यानं एकदा पेवातली ज्वारी खाल्ली आहे त्याला तो वास जन्मात विसरता येत नाही. कडेची ज्वारी ओल धरते, तिची भाकरी अशीच लागते. माझ्या माहेरी उन्हाळाभर आम्ही तीच खायचो आणि नाकं मुरडायचो.

पण गावातली पेवं तर लेव्हीवाल्यांनी केव्हाच रिकामी केलेली. मग ही ज्वारी कुठल्या पेवातली?

मी तिथंच बसले आणि एकेक गोष्ट माझ्या डोळ्यापुढं आली. माहेरी पेव उघडलं की माझे काका आत उतरायचे ते काखांखालून दोर बांधून. वर दोघं दोर धरून. आणि उतरायच्या आधी पेवाचं तोंड दिवसभर उघडं ठेवायचं, मग कंदील पेटवून आत सोडायचा. कंदील विझला तर आत विषारी हवा कोंडलीय, उतरायचं नाही. हे आमच्याकडं शेंबड्या पोरालाही ठाऊक. या गावातही सगळ्यांना ठाऊक. पण चोरून उतरणाऱ्यानं काय करायचं? दिवसभर तोंड उघडं ठेवलं तर वाटेवरचा माणूस पाहणार. रात्री डोंगरावर कंदील पेटवला तर सगळ्या गावाला दिसणार.

मी शेजारणीला म्हणाले, तुझा नवरा वाटेवर मेला नाही. ओसाड गावातल्या पेवात मेला.

तिनं आधी लेकरू ओढून पदराखाली घेतलं. मग तोंडावर हात दाबून अशी रडली की आवाज बाहेर येऊ नये. थोड्या वेळानं तिनं सगळं सांगितलं. खळं झालं तेव्हा त्यांनी चार पोती तिथं नेऊन ओतली होती. घरातली ज्वारी लेव्हीत गेली. चूल बंद पडायची वेळ आली तसा तो आणि त्याचा भाऊ, आणि ही, असे तिघं रात्रीचे गेले. एकदा आणली तेव्हा कडेची हातानं ओरबाडून आणली होती. दुसऱ्यांदा तो खोल उतरला, एक हाक मारली, आणि मग दोर नुसताच जड झाला. त्यांनी ओढून वर काढला तेव्हा त्याच्यात काही राहिलं नव्हतं. आधी मेलेल्या माणसाचंही तिथंच काहीतरी झालं असावं, असं तिला आता वाटत होतं. पण त्याच्या घरच्यांनी तोंड उघडलं नव्हतं. उघडलं असतं तर हिचा नवरा उतरलाच नसता. मला दोन्ही घरांचा संताप आला आणि कीवही आली, आणि दोन्ही एकदम आले की माणसाला काही सुचत नाही.

तिनं माझे पाय धरले. म्हणाली, ती ज्वारी गेली तर माझी लेकरं जगत नाहीत. दिराला बेड्या पडतील. मी म्हणाले, आणि माझ्या आत्याबाईचं काय? उद्या तिला घेऊन जातील. तिनं हळूच माझे पाय सोडले. मी तिला वचन दिलं नाही आणि धमकीही दिली नाही. उठून घरी आले. पण सकाळी चावडीवर जाऊन सगळं सांगायचं, हे मी मनाशी पक्कं केलं होतं, आणि ते पक्कं करताना त्या लेकराचे शिळ्या भाकरीचे हात सारखे माझ्या तोंडाला लागत होते. इतकी वाईट वेळ माझ्यावर नंतर कधी आली नाही.

सकाळी चावडीपुढं गाडी जुंपलेली. सगळं गाव जमलेलं, तमाशा बघायला कोण चुकवतं. मी गर्दीतून वाट काढत पुढं गेले. साहेबापुढं उभी राहिले, पदर सावरला, आणि तोंड उघडणार एवढ्यात मागं एकदम सगळं गप्प झालं. वळून पाहते तर शेजारीण. दिवस अजून झाले नव्हते तिच्या नवऱ्याचे. आमच्याकडं अशी बाई उंबरा ओलांडत नाही, कुणाच्या नजरेला पडत नाही. ती भर उजेडात, सगळ्या पुरुषांमधून, धाकटी काखेत घेऊन चालत आली. माणसं बाजूला सरकली. तिनं साहेबाकडं पाहिलं नाही, खाली बघतच बोलली.

"त्या म्हातारीचा काय गुन्हा न्हाई, सरकार. माझा मालक पेवात मेला. आमीच उचलून वाटंवर ठेवला."

कुठलं पेव, पेवात काय, हेही तिनं सांगितलं. एक शब्द लपवला नाही. तेवढ्यात मागं पहिल्या मेलेल्या माणसाचा मुलगा, चांगला बापई माणूस, डोक्यावरचं मुंडासं तोंडात कोंबून हुंदके द्यायला लागला. आमचंही तसंच झालं, एवढंच तो कसंबसं म्हणाला.

साहेबानं गाडी सोडायला सांगितली. एक कंदील मागवला आणि घोड्यावर न बसता आमच्याबरोबर पायी डोंगर चढला. अर्धं गाव मागं. आत्याबाईलाही त्यानं बरोबर घेतलं. ती वाटभर त्याला ऐकवत होती की त्याच्या राज्यात तिचा रांजण फुटला. ओसाड गावात शेजारणीनं पडक्या भिंतीमागची जागा दाखवली. दिरानं माती बाजूला केली, दगड सरकवला. तोच आंबूस वास वर आला. साहेबानं पेटता कंदील स्वतःच्या हातानं दोरीनं खाली सोडला. ज्योत आधी बारीक झाली, मग निळसर झाली, मग गेली. त्यानं कंदील वर घेतला, पुन्हा पेटवला, पुन्हा सोडला. पुन्हा गेली. ज्यांनी करणीच्या गोष्टी केल्या ते आपापल्या पायांकडं बघत होते.

मग साहेब त्या पेवाच्या तोंडाशी चक्क पालथा पडला, कपड्यांना माती लागेल याची पर्वा न करता, आणि आत डोकावून बघत राहिला. शेजारणीनं डोळे मिटून घेतले. पाटलानं विचारलं, साहेब, आत किती धान्य आहे. मला त्या पाटलाच्या कानाखाली वाजवावीशी वाटली. लेव्ही वसूल झाली नाही तर त्याला जाब असतो, हे मला कळत होतं, तरी.

साहेब उठला. कपडे झटकले. म्हणाला, "कंदील तर विझला. मला अंधारच दिसला. अंधारावर लेव्ही नाही."

असं म्हणून त्यानं पाटलाला सांगितलं की या दोन माणसांचा जीव जुन्या पेवातल्या हवेनं गेला, तसं मी वर कळवतो. इथल्या पेवांची सगळी तोंडं उद्या संध्याकाळपर्यंत उघडी राहतील, म्हणजे पुन्हा कुणी मरणार नाही. उद्या मी इथं नसेन, तुम्हीही पाटील, इकडं फिरकू नका, हवा वाईट आहे. पाटील हो म्हणाला. त्यालाही नातवंडं होती.

माझा जीव भांड्यात पडला म्हणजे कसा पडला ते काय सांगू. मी तिथंच पडक्या भिंतीवर बसले आणि हसायला लागले, आणि हसता हसता रडायला लागले. आत्याबाई म्हणाली, येडी का खुळी, ऊठ. मग तिचाही आवाज फाटला. तिनं माझं तोंड आपल्या पदरानं पुसलं, ते इतक्या जोरानं की गाल लाल झाले. खाली येताना मला डोंगर कसा उतरला ते कळलं नाही. संध्याकाळी तिनं भाकरी थापली, पापुद्रा सुटलेली, आणि आम्ही दोघी पोटभर जेवलो. त्या रात्री मी अशी झोपले की सकाळी म्हशीनं हंबरून उठवलं.

त्या उन्हाळ्यात बऱ्याच घरांतून आंबूस भाकरीचा वास येऊ लागला. कुणी कुणाला काही विचारलं नाही. वाटेवर माणसं पुन्हा चालू लागली. कुंभारानं दोन नवे रांजण न मागता आणून ठेवले, आणि आत्याबाईनं ते घेण्याआधी त्याला तासभर बोल लावले.

दिवस वगैरे सगळं झाल्यावर शेजारीण एकदा अंगणात आली आणि उभीच राहिली. आत्याबाई घागर घासत होती. तिनं मान वर केली नाही. बराच वेळ राखेचा खरखर आवाज तेवढा येत राहिला. मग तिनं विचारलं, आणि मला वाटतं हाच एक प्रश्न तिला त्या चावडीच्या खोलीत रात्रंदिवस कुरतडत असणार.

"सारा डोंगर मोकळा पडला होता. माझ्याच रांजणापाशी का टाकलास गं त्याला?"

"टाकला न्हाई, काकू. ठेवला," शेजारीण म्हणाली. "वर वढला तवा तोंड उघडं व्हतं त्यांचं. आमच्यापाशी पाणी नव्हतं. सकाळी तुमी येणार, आन् तोंडात पाणी घातल्याबिगर र्‍हाणार न्हाईत, येवढंच ठावं व्हतं."

आत्याबाईचा हात थांबला. उभ्या जन्मात मी तिला बोलायला शब्द न सापडलेलं पाहिलं ते त्या एकाच वेळी. तिनं घागर विसळली, पालथी केली, पुन्हा सुलटी केली. डोळे पुसायला हात राखेचे होते म्हणून तसेच वाहू दिले. मग आत गेली आणि घरातली दुसरी, लहान घागर घेऊन आली. ती शेजारणीच्या हातात देत म्हणाली, उद्यापासून तूही येत जा वर, माझ्यानं आता एकटीला दोन रांजण भरत नाहीत. मी रोज बरोबर असायचे, हे ती साफ विसरली, आणि मीही त्या दिवशी तिला आठवण करून दिली नाही.